नऊ पिनांचं पोर्ट बघून चांगलं मशीन सोडू नका, पण डोळे मिटून घेऊही नका



सेकंडहँड मशीन घ्यायला निघालेल्यांकडून एक प्रश्न सारखा येतो. "सर, मशीन चांगलं आहे, भावही बरा सांगतोय, पण मागे ती जुनी नऊ पिनांची जागा आहे. माझ्या लॅपटॉपला तसलं काही नाहीच. घेऊ का सोडू?" कुणी रेडियम कटिंगचा प्लॉटर बघून आलेला असतो, कुणी वर्कशॉपसाठी जुनं सीएनसी, बचत गटातल्या ताईंना मसाला पॅकिंगसाठी वजनकाटा हवा असतो, कुणाला दूध संकलनाचा संच मिळत असतो. मशीन वेगळं, अडलेली जागा तीच.

याची दोन तयार उत्तरं बाजारात मिळतात. एक म्हणजे, "अहो, दोनशे रुपयांचा यूएसबी कन्व्हर्टर लावा, पळतंय." दुसरं नवीन मशीन विकणाऱ्याचं, "ते पोर्ट आता बंद झालं, त्याला सपोर्ट नाही, नवीनच घ्या." दोन्ही ऐकून पैसे बुडालेली माणसं मी पाहिली आहेत. पहिल्या उत्तरावर विसंबलेल्याचं मशीन घरी येऊन ताडपत्रीखाली पडून राहतं. दुसऱ्या उत्तरावर विसंबलेला हातातलं भांडवल नव्या मशीनमध्ये अडकवतो आणि मग कच्च्या मालाला पैसे उरत नाहीत.

माझं मत सांगतो. पोर्ट हा या सौद्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. महाग पडतं ते मशीनचं सॉफ्टवेअर आणि मशीनची माहिती हरवलेली असणं. म्हणून टोकन देण्याआधी स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःची केबल घेऊन जा आणि मशीन तुमच्या लॅपटॉपशी बोलतंय का ते समोर बघा. बोललं तर घ्या. नाही बोललं तर भाव पाडा, नाहीतर उठा. व्हिडिओत हे एका वाक्यात सांगून झालं, पण 'बोलतंय का' हे बघायचं कसं, तिथेच सगळे अडतात. म्हणून इथे जरा सविस्तर.

हे पोर्ट अजून जिवंत का आहे

याचं नाव आरएस-२३२. हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं, म्हणजे आपला महाराष्ट्र झाला त्याच वर्षी. मूळ पोर्ट पंचवीस पिनांचं. १९८४ साली आयबीएमने आपल्या एटी कॉम्प्युटरवर नऊ पिनांचं छोटं रूप दिलं आणि तेच सगळीकडे पसरलं. १९९६ मध्ये यूएसबी आलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लॅपटॉपवरून हे पोर्ट हळूहळू गायब झालं.

मशीनवरून मात्र गेलं नाही. कारण साधं आहे. लॅपटॉप आपण पाच-सात वर्षांत बदलतो, चांगलं लेथ किंवा कटर वीस-पंचवीस वर्षं चालतं. शिवाय हे पोर्ट आहेच इतकं सरळ की बिघडायला त्यात फारसं काही नाही. एक तार पाठवायची, एक घ्यायची आणि एक समाईक ग्राउंड. नऊ पिनांच्या पोर्टवर कॉम्प्युटरच्या बाजूने २ नंबरची पिन घेते, ३ नंबरची पाठवते आणि ५ नंबर ग्राउंड. बाकीच्या पिना 'मी तयार आहे, थांब, आता पाठव' अशा इशाऱ्यांसाठी. बहुतेक काम या तीन तारांवर होतं. अक्षरं एकामागे एक जातात, रांगेत उभ्या माणसांसारखी. कुठला पासवर्ड नाही, अपडेट नाही, इंटरनेट तर नाहीच.

तेव्हा 'जुनं पोर्ट म्हणजे टाकाऊ मशीन' हे डोक्यातून काढा. मशीनचं वय बघायचं तर त्याचे बेअरिंग बघा, रोलर बघा, पट्टे बघा. पोर्ट बघून वय ठरवणं म्हणजे गाडीचं इंजिन न ऐकता कॅसेट प्लेअर आहे म्हणून नाकारणं.

केबलमध्ये पैसे वाचवू नका

यूएसबी ते सिरीयल केबलच्या डोक्यात एक चिप असते. सगळा खेळ तिचा. आपल्याकडे मुख्यतः तीन नावं ऐकू येतात: एफटीडीआय, प्रोलिफिक आणि सीएच३४०. दुकानदार सांगेल "सगळ्या सारख्याच". सारख्या नसतात.

प्रोलिफिकच्या जुन्या चिपा, आणि त्यांच्या नकला, नव्या विंडोजवर अडतात. केबल लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण येतो, कोड १० दिसतो, किंवा ही चिप २०१२पासून बंद आहे, विक्रेत्याला विचारा, असा चक्क संदेश येतो. माणूस समजतो मशीन खराब. मशीन बिचारं ठीक असतं. एफटीडीआयच्या बाबतीत प्रकरण याहून मजेशीर. त्यांच्या नावाच्या नकली चिपा इतक्या झाल्या की ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीचा एक ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. काल चालणारी केबल आज लॅपटॉपला दिसेना. ओरड झाली, तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. पण २०१६ मध्ये पुन्हा असा ड्रायव्हर आला की नकली चिप सापडली की खऱ्या डेटाच्या जागी 'हे उपकरण अस्सल नाही' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर येऊ लागला. तुमच्या वजनाच्या नोंदीत किलोऐवजी हा मजकूर आला तर काय होईल, विचार करा.

माझा सल्ला: चालू धंद्याच्या मशीनसाठी बिल देणाऱ्या दुकानातून, चिपचं नाव विचारून, हजार-दीड हजाराची चांगली केबल घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, तिथे विचारलं तर सांगतात. सीएच३४०ची दोनशे-तीनशेवाली वाईट असते असं नाही. काटा, बिल प्रिंटर अशा हलक्या कामाला ती वर्षानुवर्षं चालते. पण जिथे मध्येच डेटा तुटला तर माल खराब होतो, तिथे ती लावू नका. आणि केबल एक घेणार असाल तर दोन घ्या. गणपतीच्या सीझनमध्ये, ऑर्डर अंगावर असताना केबल गेली तर कुरियरची वाट बघत बसावं लागतं.

केबल आणली की मशीनला लावायच्या आधी तिचीच परीक्षा घ्या. पुटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका. केबलच्या टोकाच्या २ आणि ३ नंबरच्या पिना एका छोट्या तारेने जोडा. पुटीमध्ये सिरीयल निवडून तो कॉम नंबर उघडा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेलं अक्षर परत पडद्यावर आलं, म्हणजे केबल, चिप आणि ड्रायव्हर तिन्ही ठीक. तार काढली की अक्षरं यायची बंद. पाच मिनिटांचं काम आहे. हे केलं नाही तर नंतर बिघाड केबलमध्ये का मशीनमध्ये, यावरच दिवस जातो.

कॉम नंबरचंही एक आहे. लॅपटॉप या केबलला कॉम ७, कॉम ११ असा कुठलाही नंबर देतो आणि बरीच जुनी सॉफ्टवेअर फक्त कॉम १ ते ४ ओळखतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रॉपर्टीज, मग पोर्ट सेटिंग्ज, मग अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे नंबर बदलता येतो. स्वस्त केबल दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली की नंबर पुन्हा बदलतो, म्हणून खाच ठरवून टाका आणि तिच्यावर मार्करने खूण करा. पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी झोपवण्याचा जो पर्याय असतो, तोही बंद करा. नाहीतर दुपारी तुम्ही डबा खायला गेलात की लॅपटॉप केबलचा श्वास बंद करतो.

मशीनसमोर उभं राहिल्यावर

आधी दोन धोके, कारण हे दोन लॅपटॉप किंवा मशीन जाळू शकतात.

नऊ पिनांची जागा दिसली म्हणजे ते आरएस-२३२च असेल असं नाही. तोच कनेक्टर आरएस-४८५साठी वापरतात, सीएनसीच्या आतल्या एन्कोडरसाठी वापरतात, आणखी कशाकशासाठी वापरतात. उलट काही काट्यांवर टेलिफोनच्या जॅकसारखी जागा असते आणि तिथून निघतं मात्र आरएस-२३२. मॅन्युअल किंवा मागची प्लेट वाचल्याशिवाय जोडू नका. दुसरं, विद्युतदाबाचं. खऱ्या आरएस-२३२मध्ये सिग्नल उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत फिरतो. हौशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी जी उघडी छोटी यूएसबी पट्टी असते, ती ३.३ किंवा ५ व्होल्टची. ती स्वस्त दिसते म्हणून मशीनला लावली तर पट्टी जाते, आणि नशीब वाईट असेल तर लॅपटॉपची खाचही.

जोडताना मशीन बंद ठेवा आणि पहिल्यांदा लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. वेल्डिंग किंवा मोठ्या मोटरी शेजारी असतील तर आयसोलेशन असलेला कन्व्हर्टर घ्या. थोडा महाग पडतो, लॅपटॉपपेक्षा स्वस्तच.

मग सेटिंग. दोन्ही बाजूंचा वेग आणि अक्षराची बांधणी एकच हवी. सर्वाधिक दिसणारी जोडी ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं असा कचरा येत असेल तर खूश व्हा, तार बरोबर आहे, फक्त वेग किंवा पॅरिटी चुकलीय. २४००, ४८००, १९२०० करून बघा. काहीच येत नसेल तर बहुधा २ आणि ३ची अदलाबदल हवी आहे. त्यासाठी दुकानात 'नल मोडेम' किंवा 'क्रॉस' म्हणून जोडणी मिळते. सौदा बघायला जाताना सरळ आणि क्रॉस दोन्ही खिशात असू द्या. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू, पण ती नसल्यामुळे लोक चांगलं मशीन 'बंद आहे' समजून परत येतात.

आता मशीनमशीनचा फरक.

रेडियम कटर हे माझ्या मते या सगळ्यांत नवशिक्यासाठी उत्तम. बऱ्याच जुन्या कटरना एचपीजीएल ही भाषा समजते. ही भाषा म्हणजे 'पेन उचल, इथे जा, पेन टेकव' अशा साध्या लेखी आज्ञा. कटरसोबत आलेलं मूळ सॉफ्टवेअर हरवलं, त्याची सीडी वाचली जात नाही, तरी बिघडत नाही. इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर थेट सिरीयल पोर्टवर ही भाषा पाठवू शकतं. त्यात एक्सटेन्शन्समध्ये एक्सपोर्टखाली 'प्लॉट' आहे, तिथे कॉम नंबर आणि वेग टाकायचा. विकणाऱ्यासमोर पाच सेंटीमीटरचा चौकोन आणि एक 'क' कापून बघा. चौकोनाची सुरुवात आणि शेवट जुळतो का, 'क'चे गोल तुटक तर नाहीत ना. इथे पोर्टची परीक्षा आणि मशीनच्या यंत्राची परीक्षा एकदमच होते. देव्हाऱ्याची नावं, दुकानाच्या काचा, हे काम गावोगावी आहे.

समजा नवा कटर ५० हजारांना मिळतोय आणि जुना १८ हजारांना. मधले ३२ हजार. त्यातून चांगल्या दोन केबल २,४०० धरा, जोडण्या आणि किरकोळ ६०० धरा. तरी २९ हजार हातात राहतात. यात रेडियमचे किती रोल येतील ते तुम्हीच मोजा. पण एक लक्षात ठेवा, जुन्या कटरचा खरा खर्च पिंच रोलर, ब्लेड होल्डर आणि कटिंग स्ट्रिपमध्ये लपलेला असतो. त्या मिळतात का हे आधी विचारा, पोर्टचा विचार नंतर.

वजनकाट्याचं गणित वेगळं. काट्यातून डेटा काढणं सोपं आहे. काही काटे वजन सतत पाठवत राहतात, काही प्रिंटचं बटण दाबल्यावर. पुटीत आकडा आला म्हणजे अर्धं काम झालं. एक्सेल स्वतःहून सिरीयल पोर्ट वाचत नाही, पण आलेला आकडा जणू कीबोर्डवर टाइप केलाय असा एक्सेलच्या खान्यात उतरवणारी छोटी सॉफ्टवेअर मिळतात. पायथन येणारा भाचा-पुतण्या असेल तर दहा-पंधरा ओळींत तो हे करून देईल. मसाल्याच्या प्रत्येक पाकिटाचं वजन आपोआप नोंदलं गेलं की संध्याकाळी माल किती जास्त भरला गेला हे कळतं. पाकिटामागे तीन ग्रॅम जास्त जात असतील तर हजार पाकिटांना तीन किलो. मिरचीचा भाव माहीत आहे ना?

अडचण डेटात नाही, शिक्क्यात आहे. विक्रीसाठी वापरायच्या काट्याला वैधमापन शास्त्र विभागाची पडताळणी आणि मुद्रांकन लागतं, इलेक्ट्रॉनिक काट्याला ते दर वर्षी. सेकंडहँड काटा घेताना पडताळणीचा दाखला मागा. आणि पोर्ट आत आहे, तार ओढून बाहेर काढतो, असं म्हणून कुणी स्थानिक कारागीर सील तोडायला निघाला तर त्याचा हात धरा. सील तुटलं की तो काटा धंद्यासाठी निकामी, अधिकृत दुरुस्तीवाल्यामार्फत पुन्हा विभागाची पडताळणी करून घ्यावी लागते. दूध संकलनात तर हे आणखी जपा. तिथे काटा आणि फॅट मोजणारं यंत्र दोन्ही सिरीयलवर बोलतात आणि त्या आकड्यांवर शेतकऱ्याचं बिल निघतं. आकडा हाताने टाइप न करता थेट उतरला तर भांडणं कमी होतात, याच कारणासाठी मी तिथे जुन्या संचाच्याही बाजूने आहे. पण केबल सैल बसून एखादा अंक गळला तर अख्ख्या गावाचा विश्वास जातो. पहिले पंधरा दिवस स्लिप आणि वही दोन्ही ठेवा.

सीएनसीवर मात्र मी सावध आहे. भोसरी, सातपूर, शिरोली इथल्या शेडमधून आजही अशी मशीनं चालू आहेत ज्यांत प्रोग्रॅम आरएस-२३२ नेच भरतात. फॅनकच्या कंट्रोलवर हे पोर्ट बहुधा पंचवीस पिनांचं असतं आणि त्याला मॅन्युअलमध्ये 'रीडर-पंचर' असं नाव आहे, कागदी पट्टीला भोकं पाडून प्रोग्रॅम भरायच्या काळातलं. सेटिंगही त्याच काळाचं, सहसा ७ बिट आणि इव्हन पॅरिटी. त्यामुळे ९६००-८-नाही-१ लावून बसलात तर कंट्रोल ८५ नंबरचा अलार्म देतो, म्हणजे वेग किंवा बिट जुळत नाहीत. ८६ आला तर समोरचं उपकरण तयार असल्याचा इशारा मिळत नाहीये, म्हणजे केबलची जोडणी बघा. आणि ८७ आला तर मशीन 'थांब' म्हणतंय पण लॅपटॉप थांबत नाहीये. हा तिसरा खास यूएसबीचा रोग. जुन्या पोर्टला 'थांब' लगेच कळायचं. यूएसबी केबल डेटा गठ्ठ्याने पाठवते, त्यामुळे 'थांब' कळेपर्यंत आणखी काही अक्षरं गेलेली असतात. वेग कमी करा, केबल सेटिंगमध्ये बफर आणि लेटन्सी कमी करा, हार्डवेअर इशाऱ्यांची पूर्ण तारांची केबल बनवून घ्या.

प्रोग्रॅम एकदा मेमरीत भरून मग जॉब चालवायचा असेल तर चांगली यूएसबी केबल पुरते. पण मोठा मोल्डचा प्रोग्रॅम लॅपटॉपमधून थेंबथेंब पाठवत जॉब चालवायचा असेल तर लॅपटॉप नकोच. मध्ये विंडोजला अपडेट सुचलं तर जॉब भंगारात. त्यासाठी जुना डेस्कटॉप घ्या. कंपन्यांकडून निघालेल्या अनेक सेकंडहँड डेस्कटॉपवर खरंखुरं सिरीयल पोर्ट अजून असतं, नसेल तर आत कार्ड बसवता येतं. किंवा मशीनच्या पोर्टलाच लावायचे, पेनड्राइव्हवरून प्रोग्रॅम देणारे डबे मिळतात ते बघा.

बिल प्रिंटरबद्दल जास्त बोलत नाही. जुना सिरीयल थर्मल प्रिंटर फुकट मिळाला तर घ्या, विकत घेऊ नका. नवाच स्वस्त आहे.

कुठे सरळ नाही म्हणायचं

ज्या मशीनची भाषा फक्त त्याच्या मूळ सॉफ्टवेअरलाच येते आणि ते सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे नाही, ते मशीन भंगाराच्या भावातसुद्धा तुमच्या कामाचं नाही. 'नेटवर मिळेल' या शब्दावर पैसे देऊ नका.

सॉफ्टवेअर आहे, पण त्याला प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्ये लावायचं लॉक लागतं, तेव्हाही जपून. त्या पोर्टचे यूएसबी कन्व्हर्टर प्रिंटरसाठी बनवलेले असतात, लॉक त्यांतून सहसा ओळखलं जात नाही. आणि डॉस किंवा विंडोज ३.१च्या काळातलं सोळा बिटांचं सॉफ्टवेअर चौसष्ट बिटांच्या विंडोजवर उघडतच नाही. विंडोज ११ तर चौसष्ट बिटांतच येतं. डॉसबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमधून डॉसचे प्रोग्रॅम चालतात, सिरीयल पोर्टही त्यात जोडता येतं, पण हे तुम्हाला स्वतःला जमत असेल तरच त्या वाटेला जा. तुम्ही धंदा सुरू करताय, संग्रहालय नाही.

अशा वेळी एक युक्ती कामी येते, आणि ती तंत्राची नाही, व्यवहाराची आहे. मशीनला जोडलेला जुना कॉम्प्युटर सौद्यात मागून घ्या. विकणाऱ्याच्या दृष्टीने तो कचरा असतो, तुमच्या दृष्टीने मशीनचा अर्धा जीव. लॉक, सॉफ्टवेअर, सेटिंग, जुन्या डिझाइनच्या फाइली सगळं त्यात. घरी आणल्या दिवशी त्याच्या हार्डडिस्कची पूर्ण नक्कल करून ठेवा, कारण मशीनच्या आधी ती डिस्क जाणार. त्यावर विंडोज एक्सपी असेल तर त्याला इंटरनेट देऊ नका. एक्सपीची सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४मध्येच थांबलीत. फाइल पेनड्राइव्हने न्या.

आणि भाव करताना माझा हिशेब असा. तुमच्या लॅपटॉपवर मशीन समोरासमोर बोललं तर पोर्टच्या नावाने भाव पाडत बसू नका, तो अडाणीपणा दिसतो. नाही बोललं पण विकणारा म्हणतो "आमच्याकडे चालत होतं", तर त्याच्याकडेच चालवून दाखवायला सांगा. दाखवता येत नसेल तर मशीन बंद आहे असं धरून भाव सांगा. उरलेली रक्कम डेटा आल्यावर द्यायची अशी चिठ्ठी करायला तयार असेल तर माणूस खरा. मॅन्युअलची झेरॉक्स नसेल, मॉडेल नंबर खरवडलेला असेल, तर गोड बोलण्याला भुलू नका.

बऱ्याच जणांनी विचारलंय की ही जोडणी करून द्यायचाच धंदा होईल का. होईल, पण तेवढ्यावर नोकरी सोडू नका. औद्योगिक वसाहतीत कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला सीएनसी कळत नाही आणि सीएनसीच्या सर्व्हिसवाल्याला विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये रस नसतो. या मधल्या जागेत काम आहे. सोल्डरिंग नीट येणारा, केबल बनवून वर पिनांचा नकाशा चिकटवून देणारा आणि फोन उचलणारा माणूस हवा असतो. केबलचे पैसे कमी घ्या, जाऊन चालू करून देण्याचे व्यवस्थित घ्या, आणि प्रत्येक मशीनचं सेटिंग वहीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी त्याच शेडमधला लॅपटॉप बदलला की पुन्हा तुम्हालाच फोन येईल.

पुढच्या व्हिडिओत इंकस्केपमधून जुन्या कटरवर देवनागरी नाव कापून दाखवणार आहे, केबलच्या पिना जोडण्यापासून. तोवर कुणी मशीन बघायला जाणार असाल तर मागच्या प्लेटचा आणि पोर्टचा जवळून फोटो काढून आणा, आणि मॅन्युअल मिळालं तर त्यातलं सेटिंगचं पानही.